तेच औषध, निराळी किंमत



घरात कोणाची ना कोणाची रोजची गोळी चालूच असते. आजोबांची रक्तदाबाची, आईची थायरॉइडची, शेजारच्या काकांची मधुमेहाची. त्यांतली एखादी पट्टी आज मागून घ्या आणि तिची मागची बाजू भिंगाखाली धरून वाचा. तिथे दोन नावे आढळतील. एक ठसठशीत, उच्चाराला सोपे, जाहिरातीत शोभेल असे. दुसरे लांबलचक आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकातून उचलल्यासारखे. या दोन नावांमधल्या अंतरात पुष्कळदा महिन्याचे काही शे रुपये दडलेले असतात.

हा विषय किरकोळ नाही. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या कितीतरी घरांत वीस-बावीस तारीख उलटली की गोळ्या पुरवून वापरल्या जातात. रोजची गोळी दिवसाआड होते, नाही तर एका गोळीचे दोन तुकडे होतात. ‘अर्धे औषध घेतले तर अर्धा तरी गुण येईलच,’ असा त्यामागचा हिशेब असतो. हा हिशेब बरोबर आहे का, हे आधी पाहू. मग तेच औषध कमी खर्चात मिळण्याच्या वाटा शोधू.

अर्धे औषध म्हणजे अर्धा गुण?

किरणोत्सर्गाच्या धड्यात तुम्ही ‘अर्धायुष्य’ हा शब्द शिकला असाल, किंवा लवकरच शिकाल. ठरावीक काळात द्रव्य निम्मे होते, तेवढ्याच पुढच्या काळात उरलेल्याचे निम्मे होते, आणि हे असेच चालू राहते. बहुतेक औषधांचे रक्तातले प्रमाणही याच रीतीने उतरते. यकृत आणि मूत्रपिंडे औषध सतत बाहेर काढत असतात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनचे अर्धायुष्य सुमारे ३० ते ५० तास असते, तर मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचे सुमारे ६ तास. म्हणून पहिली गोळी दिवसातून एकदा पुरते आणि दुसरी बहुधा दोनदा घ्यावी लागते.

आता एक सोपे गणित करू. समजा, एका औषधाचे अर्धायुष्य बरोबर २४ तास आहे आणि एका गोळीने रक्तात १०० एकक औषध येते. पहिल्या दिवशी गोळी घेतल्यावर १०० एकक. दुसऱ्या दिवशी त्यातले ५० उरले, त्यांत नवे १०० मिळून १५०. तिसऱ्या दिवशी ७५ अधिक १०० म्हणजे १७५. चौथ्या दिवशी १८७.५. अशी वाढ होत होत ती २०० पाशी स्थिरावते, कारण २०० चे निम्मे १०० आणि त्यात नवे १०० मिळाले की पुन्हा २००. म्हणजे नियमित गोळी घेणाऱ्याच्या रक्तात औषध १०० ते २०० एकक या पट्ट्यात राहते. ते १०० च्या खाली कधी जातच नाही.

हीच गोळी दिवसाआड घेतली तर? दोन दिवसांत औषध पाव हिस्सा उरते. गणित करून पाहा : गोळी घेतल्यावर सुमारे १३३ एकक, दुसऱ्या दिवशी ६७ आणि पुढच्या गोळीआधी अवघे ३३. समजा, गुण येण्यासाठी निदान ८० एकक औषध रक्तात हवे. मग ४८ तासांपैकी जेमतेम १८ तास औषध काम करील आणि उरलेले ३० तास ते रक्तात असूनही नसल्यासारखेच. रोज अर्धी गोळी घेतली तर पट्टा ५० ते १०० एककांचा राहील आणि २४ तासांपैकी फक्त आठेक तास तो ८० च्या वर असेल. खर्च निम्मा झाला, पण गुण मात्र निम्म्याहूनही खाली घसरला.

हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येक औषधाचा पट्टा वेगळा असतो. तत्त्व मात्र तेच. जंतूंवरच्या औषधांत तर याहून मोठा धोका आहे. अर्धवट मात्रेत सगळे जंतू मरत नाहीत. जे तगतात ते त्या औषधाला दाद न देणारे असू शकतात आणि पुढे तेच वाढतात. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर गोळ्या कमी करून नव्हे, गोळीची किंमत कमी करूनच वाचवले पाहिजेत.

दोन नावे कशासाठी?

पट्टीवरचे लांबलचक नाव हे औषधद्रव्याचे, म्हणजे त्या विशिष्ट रेणूचे नाव. त्याला मूळ नाव किंवा जेनेरिक नाव म्हणतात. जगात कुठेही गेलात तरी ते बहुधा तेच असते. ठसठशीत नाव हे कंपनीने ठेवलेले व्यापारी नाव. एका मूळ नावाची डझनावारी व्यापारी नावे बाजारात असू शकतात. २०१८ च्या सप्टेंबरपासून आपल्या औषधनियमांप्रमाणे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते. पट्टीवर ते सहज सापडते ते त्यामुळेच.

उल्हासनगरच्या बाजारात कपडे घ्यायला गेलात तर एकाच कापडाची, एकाच शिलाईची जीन्स दोन निराळ्या चकत्या लावून दोन निराळ्या भावांना विकलेली दिसू शकते. औषधांच्या बाबतीत पुष्कळदा हेच होते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे बरेच कारखाने आहेत. त्यांतल्या काहींत औषधांची मूळ द्रव्ये किंवा ती बनवण्याच्या वाटेवरची रसायने तयार होतात. अशा कारखान्यातून निघालेले एकच द्रव्य पुढे वेगवेगळ्या कंपन्या विकत घेतात, त्याच्या गोळ्या पाडतात आणि आपापल्या नावाने बाजारात आणतात. जाहिरात, प्रतिनिधींचे पगार, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांचा नफा हे सारे मग किंमतीत चढत जाते.

पण कापड बोटांनी चाचपून पाहता येते, गोळीचे तसे नाही. मग स्वस्त गोळी तितकीच कामाची आहे हे ओळखायचे कसे?

रक्तातला आलेख

याचे उत्तर रक्तातल्या आलेखात आहे. गोळी गिळल्यावर ती पोटात फुटते, विरघळते, आतड्यातून रक्तात उतरते. ठरावीक वेळाने रक्ताचे नमुने घेऊन औषधाचे प्रमाण मोजले आणि आलेख काढला तर एक टेकडीसारखी रेषा मिळते. तिच्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या : टेकडीचे शिखर किती उंच आहे आणि टेकडीखालचे क्षेत्रफळ किती आहे. शिखर म्हणजे रक्तातले सर्वाधिक प्रमाण. क्षेत्रफळावरून शरीराला एकूण किती औषध मिळाले ते कळते.

मूळ कंपनीची गोळी आणि नवी गोळी निरोगी स्वयंसेवकांना वेगवेगळ्या वेळी देऊन दोन्हींचे आलेख पडताळून पाहतात. या परीक्षेला जैवसमतुल्यता चाचणी म्हणतात. दोन्ही सरासरींचे गुणोत्तर, त्यातली संख्याशास्त्रीय अनिश्चितता जमेस धरूनही, ८० ते १२५ टक्के या मर्यादेत बसले पाहिजे. ‘स्वस्त गोळीत २० टक्के औषध कमी असले तरी चालते,’ असा या आकड्यांचा अर्थ काही जण लावतात. तो चुकीचा आहे. गोळीत औषध किती असावे याचे वेगळे आणि पुष्कळ कडक मोजमाप भारतीय औषधकोशात दिलेले असते. ८० ते १२५ ही मर्यादा अनिश्चिततेच्या पूर्ण पट्ट्यासाठी आहे. तो पट्टा तिच्यात बसायचा तर सरासरी १०० च्या बरीच जवळ असावी लागते. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या गोळ्यांसाठी ही चाचणी भारतात २०१७ पासून सक्तीची झाली.

याचा अर्थ प्रत्येक स्वस्त गोळी निर्दोष असते असा नव्हे, आणि प्रत्येक महाग गोळी निर्दोष असते असाही नव्हे. केंद्रीय औषध नियंत्रक संघटना दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. तिच्यात अनोळखी कंपन्या असतात, तशा नामवंतही असतात. म्हणून पावती नेहमी घ्यावी आणि पट्टीवरचा बॅच क्रमांक असलेला तुकडा शेवटपर्यंत राखून ठेवावा.

काही औषधांच्या बाबतीत पट्टा फारच अरुंद असतो. अपस्मारावरचे फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, थायरॉइडसाठीचे लेव्होथायरॉक्सिन ही त्यांतली काही. या औषधांची कंपनी आपल्या मनाने बदलू नये. डॉक्टरांना सांगून, गरज तर रक्ततपासणी करून मगच बदलावी.

पेटंटची भिंत

नव्या औषधाची गोष्ट निराळी असते. ज्या कंपनीने ते शोधले तिला २० वर्षांचे पेटंट मिळते. तेवढा काळ दुसऱ्या कोणाला ते बनवता येत नाही, आणि स्पर्धा नाही म्हटल्यावर किंमतही उतरत नाही. आपल्या देशाने १९७० साली नवा पेटंट कायदा केला. तो १९७२ पासून अमलात आला. त्यात औषधद्रव्यावर पेटंट देणे बंद करून ते फक्त बनवण्याच्या कृतीवर ठेवले. दुसऱ्या कृतीने तेच द्रव्य बनवायला मोकळीक मिळाल्यामुळे आपले रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले आणि स्वस्त औषधे बनवणारा देश अशी भारताची ख्याती झाली. १९३५ साली मुंबईत स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये एड्सवरची तीन औषधे मिळून दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली. त्या वेळी श्रीमंत देशांत याच उपचाराला वर्षाकाठी दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई.

जागतिक व्यापार कराराप्रमाणे २००५ पासून भारतातही औषधद्रव्यावर पेटंट मिळू लागले. पण कायद्यात दोन दारे उघडी राहिली. पहिले दार सक्तीच्या परवान्याचे. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे सोराफेनिब हे औषध बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला ते बनवण्याचा परवाना दिला. नवी किंमत महिन्याला ८,८८० रुपयांपेक्षा जास्त नसावी, अशी अट त्यात होती. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये हा निर्णय योग्य ठरवला.

दुसरे दार हरकतीचे. जुन्याच द्रव्याचे थोडे बदललेले रूप पुढे करून पेटंट लांबवता येऊ नये, अशी तरतूद कायद्यात आहे. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही नागरिक त्यावर हरकत घेऊ शकतो. क्षयाच्या जुन्या औषधांमुळे ऐकण्याची शक्ती गमावलेल्या दोन तरुणींनी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी, २०१९ मध्ये बेडाक्विलिन या नव्या क्षयऔषधाच्या पुढच्या पेटंटावर हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. मूळ पेटंट त्याच वर्षी जुलैत संपले आणि इतर कंपन्यांना वाट मोकळी झाली. रसायनशास्त्र आणि कायदा या दोन्हींचा अभ्यास केला तर रुग्णसुद्धा किंमत खाली आणू शकतो, याचे हे उदाहरण.

कमाल किंमतीचे गणित

आवश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. तिच्यातल्या औषधांची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने ठरते. रीत सोपी आहे. ज्या ज्या कंपन्यांचा बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा आहे, त्यांच्या गोळीची दुकानदाराला पडणारी किंमत घ्यायची, त्या सगळ्यांची सरासरी काढायची आणि त्यात दुकानदाराचा नफा म्हणून १६ टक्के मिळवायचे.

समजा, एका गोळीच्या अशा पाच किंमती १०, ८, ६, ४ आणि २ रुपये आहेत. सरासरी ६ रुपये. त्यात १६ टक्के, म्हणजे ९६ पैसे मिळवले की ६ रुपये ९६ पैसे. याहून अधिक किंमत, कर वगळता, कोणालाही लावता येणार नाही. दहा रुपयेवाल्याला खाली यावे लागेल. पण दोन रुपयेवाल्याला ६.९६ पर्यंत वर जाता येणार नाही, त्याने आपलीच किंमत ठेवायची. आता विचार करा : सरासरीत महागड्या कंपन्याही धरल्यामुळे कमाल किंमत बनवण्याच्या खर्चापेक्षा बरीच वर राहू शकते की नाही? म्हणूनच किंमतीवर नियंत्रण असतानाही दोन दुकानांतल्या दोन पट्ट्यांत फरक राहतो, आणि ग्राहकाने चौकशी करण्यात अर्थ उरतो.

मदतीच्या वाटा

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू.

पहिली वाट सरकारी रुग्णालयाची. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, उपचार आणि औषधे विनामूल्य आहेत. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय याच विभागाचे आहे. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या अशा ठिकाणी मिळू शकतात. एखादे औषध संपलेले असेल तर ते केव्हा येईल आणि त्याऐवजी कोणते चालेल, हे तिथल्याच डॉक्टरांना विचारावे. क्षयाची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून आणि एचआयव्हीची औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांतून फुकट मिळतात.

दुसरी वाट कारखान्यात काम करणाऱ्यांची. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या कामगार राज्य विमा योजनेत कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के कापले जातात. बारा हजार पगार असेल तर कामगाराचे फक्त ९० रुपये. त्याच्या बदल्यात त्याला आणि त्याच्या कुटुंबाला दवाखाना, रुग्णालय आणि औषधे मिळतात. २०१७ च्या जानेवारीपासून २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे यात येतात. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसते आणि तरी औषधे बाहेरून विकत आणली जातात, अशी घरे आपल्या औद्योगिक पट्ट्यात कमी नाहीत. तुमच्या घरी वडिलांची किंवा आईची पगाराची चिठ्ठी एकदा वाचून पाहा.

तिसरी वाट जनऔषधी केंद्राची. २००८ साली अमृतसरला पहिले दुकान उघडले. २०२५ च्या आरंभी देशभरात अशा केंद्रांची संख्या १५ हजारांवर गेली. इथे औषध मूळ नावाने मिळते. त्याची किंमत पहिल्या तीन नामवंत कंपन्यांच्या सरासरी किंमतीच्या निम्म्याहून जास्त ठेवायची नाही, असा नियम आहे. मालाची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. जवळचे केंद्र आणि तिथल्या किंमती ‘जनऔषधी सुगम’ या मोबाईलवरच्या अ‍ॅपवर पाहता येतात. ‘फार्मा सही दाम’ हे दुसरे अ‍ॅप एकाच औषधाच्या अनेक कंपन्यांच्या किंमती दाखवते.

चौथी वाट मोठ्या आजाराची. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिवाय धर्मादाय रुग्णालयांना, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. यासाठी शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवलेला बरा. रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटले की पुढची वाट तो दाखवतो. या योजनांचा भर दाखल रुग्णांवर आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी त्यांच्यावर विसंबून चालत नाही.

चिठ्ठीवर काय लिहिले आहे?

जनऔषधी केंद्रात गेलेला माणूस कधीकधी रिकाम्या हाताने परत येतो. कारण चिठ्ठीवर व्यापारी नाव असते. औषधनियमांप्रमाणे चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध दुकानदाराला आपल्या मनाने देता येत नाही, त्यातले द्रव्य तेच असले तरीही. हा नियम रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आहे. तेव्हा सुरुवात दुकानात नव्हे, डॉक्टरांच्या खोलीत करावी लागते. डॉक्टरांनी औषध मूळ नावाने आणि सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे त्यांच्या आचारनियमांत २०१६ पासून नमूद आहे. म्हणून मोकळेपणाने विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, या गोळीचे मूळ नावही लिहून द्याल का? महिन्याचा खर्च जड जातो.’ यात संकोच करण्याजोगे काहीच नाही. खर्च झेपत नाही हे कळले तर डॉक्टर पुष्कळदा दुसरे, जुने आणि स्वस्त औषध सुचवू शकतात. न कळले तर रुग्ण गोळ्या चुकवतो आणि औषध लागू पडत नाही असे समजून डॉक्टर मात्रा वाढवत राहतात.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने वर्गात एक तक्ता करा. नेहमी लागणाऱ्या पाच औषधांची मूळ नावे आणि मात्रा घ्या. प्रत्येकाच्या तीन कंपन्यांच्या पट्ट्यांवरची छापील किंमत आणि जनऔषधी केंद्रातली किंमत लिहा. एक खबरदारी घ्या : कोणत्या पट्टीत १०, कोणत्या पट्टीत १४, तर कोणत्या पट्टीत १५ गोळ्या असतात. म्हणून तुलना पट्टीची न करता एका गोळीची करा. मात्राही सारखीच हवी, ५ मिलिग्रॅमची तुलना १० मिलिग्रॅमशी करू नका. रुग्णाचे नाव कोठेही लिहू नका. शेवटी प्रत्येक औषधाचा वर्षाचा, म्हणजे ३६५ गोळ्यांचा फरक काढा.

तो तक्ता घरी दाखवा, पण गोळी स्वतः बदलू नका. तक्ता आणि जुनी चिठ्ठी घेऊन मोठ्या माणसांबरोबर डॉक्टरांकडे जा. बदल त्यांनी लिहून दिला की महिनाअखेरीलाही त्या घरात गोळी पूर्ण घेतली जाईल आणि रक्तातला आलेख आपल्या पट्ट्यात राहील.